माझंच नेट, त्याचंच कौतुक

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा आहे, पाठीवर शिंप्याच्या खडूची रेघ आहे आणि पोटात जळफळाट आहे. तडा मी टेबलावरून पडल्यामुळे गेला. रेघ चुकून लागली. जळफळाट मात्र मी स्वतःच्या कष्टाने कमावला आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही, कारण तेव्हा मला कुणी चालू केलं नव्हतं. पुढे मी एका दुकानाच्या काचेच्या कपाटात राहत होतो. एके दिवशी तिथे एक शिंपी आजोबा आपल्या नातीला घेऊन आले. नातीचं खरं नाव फक्त शाळेत वापरतात. घरी तिला बॉबिन म्हणतात, कारण लहानपणी ती शिलाई मशीनभोवती सारखी गरगर फिरायची, मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी.

“आजोबा, पडदा बघा केवढा मोठा आहे,” बॉबिन म्हणाली.

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्याबद्दल ते पुन्हा कुणी म्हटलं नाही.

आजोबांचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. तिथे मी मन लावून काम केलं. गिऱ्हाइकांच्या कॉलरचे फोटो काढले. पडलेली सुई शोधायला टॉर्च झालो. पंख्याचा वारा आला की कापडावर वजन म्हणून बसलो. वजन म्हणून माझी फार तारीफ झाली. हुशारी वाया जात होती, पण मान होता.

माझं खरं काम रविवारी असायचं. आजोबांची मोठी बहीण दूरच्या शहरात राहते. तिला सगळे आक्का म्हणतात. आक्कांना लहानपणापासून ऐकू येत नाही. त्या हातांनी आणि चेहऱ्याने बोलतात, आणि भरपूर बोलतात. दर रविवारी माझ्या पडद्यावर त्या दोघांच्या गप्पा चालायच्या. अडचण एवढीच, की आक्कांचे हात दिसले की कपाळ जायचं, आणि चेहरा दिसला की हात जायचे. आजोबा डोळे बारीक करून बघायचे. मी माझ्या परीने ताणून घ्यायचो, पण काच ताणली जात नाही.

मग तो आला.

तो म्हणजे टॅब. बॉबिनच्या बाबांच्या ऑफिसातून जुना झाला म्हणून घरी आला. दिसायला ताटाएवढा आणि अंगात नेट शून्य. सिम घालायला जागाच नाही.

“मग यात नेट येणार कुठून?” आजोबांनी विचारलं.

“आपल्या फोनमधून. मी हॉटस्पॉट चालू करते.”

बॉबिनने माझ्या सेटिंग्जमध्ये जाऊन हॉटस्पॉट चालू केला, पासवर्ड ठेवला, टॅबच्या यादीत माझं नाव शोधलं आणि तोच पासवर्ड तिथे टाकला. माझ्या पोटातून नेट वाहायला लागलं.

“वायर कुठे आहे?”

“वायर लागत नाही, आजोबा. हवेतून जातं.”

आजोबांनी सारी हयात शिवणात घालवलेली. टाका न घालता दोन तुकडे जोडले जातात हे त्यांना पटेना. “म्हणजे वाटेत थोडं सांडत असणार,” ते म्हणाले. त्यांनी रुंद इलॅस्टिकचा एक पट्टा शिवला आणि मला टॅबच्या पाठीला घट्ट बांधून टाकलं. माझं तोंड आत. “आता सांडणार नाही.”

“दोघं तापतील ना.”

“थंडीचे दिवस आहेत. बरंच आहे.”

मित्रांनो, माझी अवस्था समजून घ्या. ज्याचा मला सगळ्यात जास्त राग, त्याच्या पाठीला नाक लावून मी तासन्‌तास बसायचो. आक्कांचे दोन्ही हात, कपाळ, मागची भिंत, सगळं माझ्यातून जायचं, आणि मला त्यातलं काही दिसायचं नाही. हातांच्या गप्पांना आवाजही नसतो. नाही म्हणायला बॉबिनला एक खोड आहे. समोर हात हलले की ती त्याचा अर्थ पुटपुटत राहते. तेवढ्यावर मी दिवस काढले.

“आक्का कशी लख्ख दिसते,” आजोबा म्हणायचे, आणि मऊ फडक्याने टॅबची काच पुसायचे. घरात दोघांत मिळून एकच चार्जर. तोही आधी त्यालाच.

मग एका दुपारी आक्कांचा मेसेज आला. त्यांच्या उजव्या हाताचं ऑपरेशन ठरलं होतं. ते केलं नाही तर बोटं कायमची आखडतील, असं डॉक्टरांचं म्हणणं. ऑपरेशननंतर दोन्ही हात कितीतरी आठवडे बांधून ठेवावे लागणार होते, कारण डाव्या हाताचं कातडं काढून उजव्याला लावायचं होतं. आक्कांनी लिहिलं, “मी डॉक्टरांना नाही म्हणून कळवणार आहे. हात बांधले की मी मुकी.” त्या कळवायच्या आत त्यांना समजावायला हवं होतं.

आजोबांनी मशीन बंद केलं. टॅब उभा केला. मला पाठीला बांधलं. टॅबला चार्जर लावला, कारण टॅब महत्त्वाचा. माझी बॅटरी कुणी पाहिली नाही. ती तळाला गेली होती.

“आक्का म्हणतात, तुला काय जातंय सांगायला,” बॉबिन पुटपुटत होती. “आजोबा म्हणतात, बोटं गेली तर जन्मभर गप्प बसशील. आक्का म्हणतात, आणि ऑपरेशन बिघडलं तर? आजोबा म्हणतात, रोज मी बोलेन, तू नुसती मान हलव. आक्का विचार करताहेत.”

मी घाम फुटेपर्यंत तापलो होतो. खरं सांगू? तेव्हा माझ्या मनात आलं, आता मी बंद पडलो की कळेल सगळ्यांना, कुणाच्या जिवावर हा दिमाख चाललाय. पण आक्का विचार करत होत्या, म्हणून मी पडद्याचा उजेड घालवला, नेट आणि घड्याळ सोडून बाकी सगळं थांबवलं आणि तग धरला. तरी संपलोच.

“आक्का कुठे गेली?” आजोबा म्हणाले. “रागावून बंद केलं का तिने?”

“नाही हो. फोन गेला आपला.”

मग माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट घडली. बॉबिनने टॅबचा चार्जर उपटला आणि मला लावला. आजोबांनी इलॅस्टिक काढलं. मला दोन्ही हातांत धरलं. मी चालू झालो तेव्हा कितीतरी दिवसांनी त्यांचं तोंड मला समोर दिसलं.

“चल रे बाबा,” ते मला म्हणाले. “ती नाही कळवून टाकेल.”

बॉबिनने हॉटस्पॉट पुन्हा चालू केला. टॅबने क्षणात मला गाठलं. शेजारपाजारची कितीतरी नेटवर्क त्याला दिसत होती, पण तो एवढा वेळ हवेत फक्त मला शोधत बसला होता. अर्थात बाकीच्यांचे पासवर्ड त्याला माहीत नव्हते. तरीही मला जरा बरं वाटलं.

आक्का समोर आल्या.

“आक्का म्हणतात, पळालास कुठे?” बॉबिन पुटपुटली. “म्हणतात, करते ऑपरेशन. पण रोज बोलायचं. इतकी वर्षं तू माझं बोलणं मध्ये मध्ये तोडतोस, आता बघू एकटा किती बोलतोस.”

 मग आजोबांनी फडकं घेतलं आणि टॅबची काच पुसली. मी वाट पाहिली. फडकं खुंटीला गेलं.

पुढे रोज गप्पा झाल्या. आजोबा बोलायचे, आक्का मान हलवायच्या, मी बाजूला चार्जरवर बसून तापायचो. मग आक्कांचे हात सुटले. अजून दुखत होते, पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आणि बॉबिन पुटपुटली, “रोज इतकं नेट देतो तो कोण, दाखवा तरी.”

आजोबांनी मला टॅबच्या कॅमेऱ्यासमोर धरलं. माझं चित्र टॅबने काढलं, माझ्याच नेटवर चढवलं आणि माझ्याच पोटातून पार आक्कांच्या घरी पोहोचवलं. मी कोपऱ्यातला तडा घेऊन तोंडभर हसत होतो.

“आक्का म्हणतात,” बॉबिन थांबली, “एवढासाच?”

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. दुसऱ्याला नेट द्यायचं असेल तर देणाऱ्याची बॅटरी आधी बघा. त्याला इलॅस्टिकने बांधू नका. आणि काम झाल्यावर फडकं हातात असेलच, तर खुंटीला लावायच्या आधी आमच्याही काचेवरून एकदा फिरवा. आक्कांनी मला पाहिलं त्या दिवशी आजोबांनी फिरवलं. तडा होता तिथे फडकं अडकलं, तर त्यांनी ते अलगद सोडवलं. टॅब समोरच उभा होता. त्याने सगळं पाहिलं.