हसलं की टाके दुखतात

मू-शेंगला लोकांना हसवायची भारी हौस. चौतीस वर्षं त्यानं च्यायी शहरातून पेइकांग गावाला जाणारी बस चालवली. आपल्या गप्पा ऐकायला म्हणून लोक पुढच्या बाकांसाठी भांडायचे, असं तो स्वतःच सांगायचा. निवृत्त झाला, सहा वर्षांपूर्वी बायको आ-ग्वेई गेली, तरी त्याच्या तोंडाला विश्रांती नव्हती. आणि त्याच्या बोलण्यात सगळ्यांत जास्त वेळा यायची ती त्याची एकुलती एक मुलगी सू-यिन. कारण ती जाडी होती.

सू-यिन छत्तीस वर्षांची. गावातच चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, वेगळ्या फ्लॅटमध्ये राहायची. वजन एकशे अठरा किलो. जानेवारीतल्या एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"बाबा, उद्यापासून चार-पाच दिवस मोकळे आहात का?"

"मी काय, मेलो तरी मोकळाच. का गं?"

"काओश्युंगच्या हॉस्पिटलात माझं ऑपरेशन आहे. मैत्रीण येणार होती सोबतीला, तिला ताप भरलाय."

"कसलं ऑपरेशन?"

"पोटाचं. वजनासाठी. जठर कापून लहान करतात."

"अगं, त्यापेक्षा तोंडालाच दोन टाके घालायला सांग. अर्ध्या तासात घरी!"

पलीकडून सू-यिन हसली आणि गाडीची वेळ सांगून तिनं फोन ठेवला.

ऑपरेशन नीट झालं. जठराचा पाऊणएक भाग काढून टाकला, उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवली. काढलेला तुकडा तपासायला पाठवलाय, पण तो रिवाजच आहे, असं डॉक्टर म्हणाले. मू-शेंगला वाटलं होतं, आता पोरगी दोन दिवस झोपून काढेल. पण गुंगी उतरली तशी ती उजवा खांदा धरून कण्हायला लागली.

"पोट कापलं आणि खांदा दुखतोय? भलतंच काही कापलं की काय यांनी?" त्यानं नर्सला विचारलं.

"ऑपरेशनच्या वेळी पोटात हवा भरतात, काका. ती वर चढून बसते. चाललं की उतरते. उठवा त्यांना."

मग सलाइनची दांडी ढकलत दोघं व्हरांड्यात निघाली. सू-यिन एक पाऊल टाकायची, थांबायची, तोंड उघडून श्वास घ्यायची. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची. दर पंधरा मिनिटांनी औषधाच्या इवल्याशा कपातून एक घोट पाणी, तेही सावकाश. घाईनं गिळलं तर छातीत दगड अडकल्यासारखं व्हायचं, आणि फेसाळ पाणी परत बाहेर. मू-शेंग घड्याळाकडे बघून कप भरायचा. बस वेळेवर नेणाऱ्या माणसाला ते काम बरं जमलं.

शेजारच्या खाटेवर लू बाई होत्या. वय पन्नाशीचं, तुंगकांगच्या मासळी बाजारात लिलाव पुकारायच्या. त्यांचंही तेच ऑपरेशन दोन दिवस आधी झालेलं. आवाज खणखणीत, पण आता मोठ्यानं बोललं की टाके ओढायचे, म्हणून त्या कुजबुजत बोलायच्या आणि वैतागायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स पट्ट्या बदलायला आली. लू बाई जाग्या होत्या, म्हणजे ऐकायला माणसं होती. मू-शेंगला राहवेना. त्यानं आपला ठेवणीतला किस्सा काढला.

"वीस वर्षं झाली. माझ्या पुतण्याचं लग्न. रस्त्यावर मंडप, बावीस टेबलं. भाऊ रडकुंडीला आला, म्हणाला, दादा, माणसं कमी आलीत, एवढं जेवण उरणार. मी सरळ माइक घेतला. म्हटलं, मंडळी, काळजी नको, माझी सू-यिन आली आहे! सहा टेबलं तिच्यावर सोडा. मी बस चालवतो ती उगाच नाही, हिला घरी न्यायला दुसरी गाडीच चालत नाही!"

नर्स तोंडावर हात धरून हसली. सू-यिनही हसली. पोटावर उशी दाबून, डोळे घट्ट मिटून हसली. डोळ्यांतून पाणी आलं.

"बाबा, पुरे. हसलं की टाके दुखतात."

"बघा," मू-शेंग नर्सला म्हणाला, "लहानपणापासून अशीच. माझ्या विनोदाला पहिली हसणार ती हीच."

लू बाई हसल्या नव्हत्या. दुपारी तो गरम पाणी आणायला मशीनपाशी गेला, तर त्या भिंत धरत धरत मागून आल्या.

"भाऊ, एक बोलू? सकाळी तुमची पोरगी हसत नव्हती."

"काहीतरीच! डोळ्यांतून पाणी येईस्तो हसली."

"मी तीस वर्षं लिलाव पुकारते. समोरच्याच्या तोंडाकडे बघून कळतं मला, कोण खरं बोलतंय ते." त्यांनी थांबून श्वास घेतला. "माझे तीन भाऊ होते, तुमच्यासारखेच गमत्ये. मी सगळ्यांच्या आधी हसायचे. आपण आधी हसलो ना, की लवकर उरकतं. एवढंच."

"मी बाप आहे तिचा. मायेनंच बोलतो."

"ते मला कळतंय हो. तिला कळतंय का, ते तिला विचारा," असं म्हणून त्या भिंत धरत परत गेल्या.

मू-शेंगला आधी राग आला. मासळी विकणारी बाई मला अक्कल शिकवणार! पण पाण्याची बाटली भरून वाहायला लागली तरी त्याचं लक्ष नव्हतं. त्या लग्नातलं एक त्याला आठवलं, जे तो किस्सा सांगताना नेहमी गाळायचा. गाळायचा म्हणजे ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं कधी. माइक हातात असतानाच आ-ग्वेई जवळ आली होती आणि हळूच म्हणाली होती, "पोरीच्या पोटात दुखतंय, आपण निघू या." आणि त्यानं माइकमध्येच म्हटलं होतं, "एवढं हाणल्यावर दुखणारच!" बावीस टेबलं हसली होती. त्यानंतर आ-ग्वेई चार दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. जास्त प्यायलो म्हणून रुसली असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती. आता विचारायला ती नव्हती.

पाचव्या दिवशी सुट्टी मिळाली. डॉक्टरांनी महिनाभर एकटं राहू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून सू-यिन बापाच्या घरी आली. नर्सनं दिलेला कागद त्यानं स्वयंपाकघरात चिकटवला. पहिला आठवडा गाळलेलं पाणी, मग पातळ सूप, मग वाटून मऊ केलेलं अन्न. तो पहाटे बाजारात जाऊन ताजा मासा आणायचा, आलं घालून उकळायचा, दोनदा गाळायचा. कोणी नातलग भेटायला आला तर तिला झोप लागलीय म्हणून दारातूनच वाटेला लावायचा.

पण बोलणं बंद झालं. विनोद करायचा नाही असं त्यानं ठरवलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की पोरीशी बोलायला त्याच्याकडे दुसरं काही नाहीच. तोंड उघडलं की जिभेवर तेच यायचं. "उठलीस का गं, हत्तीच्या पिल्ला" हे तो इतकी वर्षं सहज म्हणत आला होता. ते गिळलं तर पुढे शब्दच सुचेना. तो वाटी ठेवायचा, "हळू पी" म्हणायचा आणि अंगणात जाऊन बसायचा.

असे दहा दिवस गेले. एका दुपारी तो वाटी ठेवून वळला तर सू-यिननं त्याची बाही धरली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"बाबा, खरं सांगा. हॉस्पिटलमधून फोन आला होता का?"

"नाही. का?"

"काढलेला तुकडा तपासायला गेलाय. त्यात काही वाईट निघालंय का? डॉक्टरांनी तुम्हालाच सांगितलंय का?"

"छे गं! काही निघालं नाही. कोणी काही सांगितलं नाही."

"मग तुम्ही असे का झालात? आई गेली त्या आठवड्यातसुद्धा तुम्ही गप्प बसला नव्हतात. दहा दिवस मला झोप नाही. हात लावून बघतेय, कुठे गाठ लागते का."

मू-शेंग मटकन खुर्चीत बसला. इथेही आपणच पोरीला त्रास दिला, यावर हसावं की रडावं हे त्याला कळेना.

"ते लग्नातलं," तो म्हणाला. "मी माइकवर बोललो होतो ते. त्या लू बाई म्हणाल्या की तू हसत नव्हतीस."

सू-यिननं बाही सोडली.

"ते होय," ती म्हणाली. "बाबा, त्या मंडपात मी एक घाससुद्धा खाल्ला नव्हता."

"म्हणजे?"

"तो गुलाबी ड्रेस आठवतो? काकूनं आणला होता, मला घट्ट होत होता. त्याची चेन लागावी म्हणून मी दोन दिवस नुसतं पाणी पीत होते. त्यामुळे पोटात कळा येत होत्या. आईला माहीत होतं."

"मला कुठे माहीत होतं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

त्यानं डोळ्यांसमोर मंडप आणायचा प्रयत्न केला. भावाचा चेहरा आठवला, टेबलांवरची आख्खी डुकरं आठवली, स्वतःचा आवाज तर लख्ख आठवला. पोरीचा चेहरा मात्र आठवेना. त्यानं तिकडे पाहिलंच नव्हतं.

"माझ्यामुळेच तू हे पोट कापून घेतलंस," तो शेवटी म्हणाला.

"नाही." तिचा आवाज जरा चढला, तशी तिनं हात पोटावर धरला. "साखर वाढली म्हणून घेतलं. झोपेत श्वास अडकतो म्हणून घेतलं. गुडघ्यांमुळे दुकानात उभं राहवत नाही म्हणून घेतलं. सगळं स्वतःकडे ओढू नका. हे तरी माझं राहू द्या."

"चुकलं माझं, सू-यिन."

"हो," ती म्हणाली.

तो आणखी काही ऐकायला थांबला. तिनं चमचा उचलला, अर्धा चमचा सूप तोंडात धरलं, बऱ्याच वेळानं गिळलं. "गार झालंय," एवढंच बोलली. तो वाटी घेऊन गरम करायला उठला. तपासणीचा अहवाल चार दिवसांनी आला. त्यात काही नव्हतं.

महिना संपला, ती आपल्या फ्लॅटवर गेली. एप्रिलमध्ये दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे सगळं कुटुंब पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करायला जमलं. सू-यिनचं वजन बावीस किलोंनी उतरलं होतं. केस मूठमूठ गळत होते, म्हणून तिनं ते आखूड कापले होते. आ-ग्वेईच्या थडग्यावरचं गवत तिनं वाकून स्वतः उपटलं. पूर्वी तिला वाकता येत नसे. मू-शेंगनं ते पाहिलं, पण काय म्हणावं ते न सुचून तो पाणी आणायला गेला.

दुपारी जेवायला सगळे भावाच्या घरी. पातळ पोळ्यांत भाज्या, मांस आणि शेंगदाण्याचा कूट गुंडाळून खात होते. सू-यिननं पोळी घेतली नाही. ती बशीतला मासा कणकण करून चावत होती. धाकटा भाऊ मू-तुंग दोन पेले घेऊन रंगात आला होता.

"वा, सू-यिन! आता ओळखू येत नाहीस! अजून पंधरा-वीस किलो उतरव, म्हणजे गिऱ्हाईक बघायला हरकत नाही. नाहीतर आजवर नवरा शोधायचा म्हणजे आधी क्रेन शोधावी लागायची, काय दादा?"

टेबल हसलं. सू-यिनही हसली. या वेळी मू-शेंग तिच्या तोंडाकडेच बघत होता. ती सगळ्यांच्या आधी हसली, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्यानं पेला टेबलावर आपटला.

"तोंड सांभाळ, मू-तुंग! माझ्या पोरीबद्दल एक शब्द बोलायचा नाही!"

"अरे, पण हे तर तूच—"

"हो, मीच! गाढव होतो मी! तू कशाला होतोस?"

मू-तुंगच्या बायकोनं मुलांना बाहेर पिटाळलं. मू-तुंग लाल होऊन म्हणाला, "जन्मभर आम्हाला हसायला शिकवलंस आणि आता आम्हीच वाईट?" शब्दानं शब्द वाढला. तेवढ्यात सू-यिन उठून न्हाणीघराकडे गेली. गडबडीत तिनं घास न चावताच गिळला होता. दाराआडून तिच्या ओकाऱ्यांचा आवाज येत राहिला.

परतताना मू-शेंग गाडी चालवत होता. त्याला कुठेतरी आशा होती की ती काही बरं बोलेल.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला मध्ये पडायला?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "हे वीस वर्षांपूर्वी हवं होतं मला. आज नको होतं. आज मला फक्त शांतपणे चार घास मासा खायचा होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा चव लागली होती."

त्यानं तिला तिच्या दारात सोडलं, ती वर जाईपर्यंत थांबला आणि मग गाडी वळवली.

मू-तुंगशी अजून बोलणं नाही. सू-यिनला तो दर रविवारी फोन करतो. ती उचलते, तेवढं चांगलं आहे. एकदा ती म्हणाली, "चौऱ्याऐंशी किलो झाले." त्याच्या जिभेवर लगेच एक विनोद आला, चांगला होता. तो त्यानं गिळला.

"गुडघे कसे आहेत?" त्यानं विचारलं.

"बरे आहेत," ती म्हणाली. "काल जिना चढून गेले."

"किती मजले?"

"चार."

"बरं," तो म्हणाला, आणि पुढे काय विचारावं याचा विचार करत फोन कानाला लावून बसून राहिला.