तीन रंगांखालचं सागवान

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे. बास म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक नसेल आणि मला त्याचं नवल वाटत नाही. माझ्यासमोर बसून ज्यांनी शेकडो गाणी ऐकली, त्यांनाही ते कधी कळलं नाही. गाण्याच्या तळाशी जो जाड, घुमणारा सूर चालत असतो, तो माझा. मला चारच तारा आहेत, मान लांब आहे आणि विजेच्या वायरने मोठ्या स्पीकरला जोडल्याशिवाय माझा आवाज फुटत नाही. लोक गायिकेची साडी बघतात, ढोलकवाल्याचे केस बघतात. माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलंच, तर ते विचारतात, "या गिटारच्या दोन तारा तुटल्या काय?"

१९६५ साली कलकत्त्याच्या एका लहानशा कारखान्यात मी सागवानातून घडले. घडवणाऱ्या म्हाताऱ्या सुताराने मला पातळ तपकिरी पॉलिश दिलं. लाकडाच्या रेषा दिसल्या पाहिजेत, असा त्याचा हट्ट होता. असा हट्ट धरणारा माणूस मला पुढे सोळा वर्षं भेटला नाही.

दुसऱ्याच वर्षी मी नागपूरला आले. तिथल्या महाल भागातले दत्तोपंत दिवसा सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्राचे मालक. गाण्यातलं त्यांना फारसं काही कळत नव्हतं. स्टेजवर काय चकाकतं, एवढं मात्र बरोबर कळायचं. मला पाहताच ते म्हणाले, "हा काय रंग आहे? देवघराचं दार वाटतं!" पहिल्या दिवाळीला त्यांनी मला लाल ऑइलपेंट फासला. तीन वर्षांनी लालाचा कंटाळा आला, तेव्हा वर चंदेरी रंग आला. लोखंडी फाटकाला मारतात तो. त्या रंगाने माझं अंग जड झालं आणि सूर बोथट झाला. दत्तोपंत लांब उभे राहून म्हणाले, "आता कशी फॉरेनची दिसते!"

मला वाजवायचा रुपराव. तांडापेठेतल्या कोष्ट्याच्या घरातला. लहानपणापासून हातमागावर बसलेला, त्यामुळे हाताचं आणि पायाचं माप त्याच्या अंगात मुरलेलं होतं. तो कधी पुढे आला नाही, कधी मान हलवली नाही. मागे उभा राहून गाणं खांद्यावर घेतल्यासारखा वाजवायचा. त्या गर्दीत मला मान द्यावासा वाटला तो एवढ्या एकाच माणसाला.

१९७६ साली कन्हान गावातला कार्यक्रम आटोपून परतल्यावर सगळे टेम्पोतून सामान उतरवत होते. दत्तोपंत घाईचे. दुसऱ्यांनी हात लावायच्या आत त्यांनी स्पीकर ओढला आणि त्यामागे टेकवलेली मी टेम्पोतून खाली दगडावर आदळले. मान जिथे धडाला जोडलेली असते, तिथे मला वीतभर चीर गेली. तेव्हा रुपराव चहा प्यायला गेला होता.

आता बघा या माणसाची हुशारी. सामानाला धक्का लावणाऱ्याने सर्वांसमोर माफी मागायची, हा नियम दत्तोपंतांचाच. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी मला गुपचूप एका साइनबोर्डवाल्याकडे नेलं. त्याने चिरेत लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा पांढरा लगदा, भरली आणि वरून काळा रंग मारला. दत्तोपंतांनी मला रुपरावच्या हाती दिलं आणि म्हणाले, "तुझ्यासाठी नवा रंग करून आणला. जपून वापर."

त्या दिवसापासून मी बेसूर झाले. रुपराव सूर लावायचा आणि दोन गाण्यांत माझी मान चिरेतून हलायची, तारा उतरायच्या. दत्तोपंतांना कारण ठाऊक होतं. तरी सगळ्या वादकांसमोर ते रुपरावला म्हणाले, "मागावर धोटा फेकणारे हात तुझे. तारांवर कसे चालणार?"

रुपराव खाली मान घालून ऐकत राहिला. मला त्याचाही राग आला. अरे, दहा वर्षं सुरात वाजवलंस ते कोणत्या हातांनी? पण त्याने ते खरं मानलं. पुढे ऑर्केस्ट्रात विजेचा ऑर्गन आला, त्याच्यावर डाव्या हाताने बासही वाजू लागला, आणि दत्तोपंतांनी रुपरावला निरोप दिला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हेही घेऊन जा. चुलीत घाल."

रुपरावने मला सायकलला बांधून घरी नेलं आणि बंद पडलेल्या हातमागाच्या मागे उभं केलं. तो फर्निचरच्या दुकानात पॉलिशचं काम करू लागला. चार वर्षं त्याने लोकांची कपाटं चमकवली आणि मला बोट लावलं नाही.

मग १९८१ साली शामला नावाची गायिका घरी आली. ही पूर्वी दत्तोपंतांच्या ऑर्केस्ट्रात गायची. टेलिफोन ऑपरेटरची नोकरी सांभाळून तिने आता स्वतःचा संच काढला होता. ती म्हणाली, "रुपरावभाऊ, खापरखेड्याच्या कॉलनीत शारदोत्सवात माझा कार्यक्रम आहे. ऑर्गनवर बास वाजतो, पण गाताना मला पायाखाली जमीन लागत नाही. तुम्ही या."

"माहा हात बेसूर आहे, ताई. साऱ्या नागपूरले माहीत आहे."

चुलीपाशी त्याची बायको अनुसया बसली होती. ती म्हणाली, "साऱ्या नागपूरले, का एकट्या दत्तोपंताले?"

रुपराव शामलाकडे वळला. म्हणाला, "गिटार साफ करून देतो. वाजवाले दुसरा कोणी पाहा."

रविवारी त्याने मला अंगणात पाटावर आडवं केलं. तारा सोडल्या, खटके काढले. रंग काढायचं औषध लावलं तसा काळा रंग सुरकुतून वर आला. फुटक्या काचेच्या धारेने तो खरवडू लागला. काळ्याखाली चंदेरी, चंदेरीखाली लाल. दत्तोपंतांची सगळी हौस सालपटं होऊन पाटाखाली पडत होती. मला त्या ढिगाकडे बघूनही किळस आली.

मानेपाशी काच अडली. लांबीचा एक पांढरा तुकडा निघाला, मग दुसरा. रुपरावने अंगठ्याने माझी मान दाबली. चीर उघडली. सोडली, मिटली. त्याने पुन्हा दाबून पाहिलं.

"अनुसया, इकडे ये वं. हे पाह्य."

अनुसया वाकून पाहू लागली. "अजी, हे तं मोडलेलं होतं!"

"मी सूर लावत होतो, अन् हे सरकून राहिलं होतं." तो स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाला. "पाच वर्षं मी माह्या हातालेच शिव्या देल्या."

"मंग आता त्या हातानं ते जोडा," अनुसया म्हणाली आणि सरस गरम करायला ठेवला.

दोघांनी मिळून चिरेत सरस भरला. अनुसयाने मागाची दोरी माझ्या मानेभोवती करकचून आवळली. तीन दिवस मी तशीच बांधलेली होते. मग बारीक काचकागद, पुन्हा त्याहून बारीक. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेला लाखेचा चपडा, कापसाचा बोळा, आणि रुपरावचा हात. एक पातळ थर, वाळू द्यायचा, पुन्हा एक. आठव्या दिवशी माझ्या रेषा दिसू लागल्या. चीर जुळली होती, पण तिचा काळसर माग राहिला. रुपरावने तो झाकला नाही. तारा चढवल्या, सूर लावला आणि माझी मान दाबून पाहिली. ती जागची हलली नाही. मग तो अनुसयाला म्हणाला, "खापरखेड्याले मीच जातो."

त्या कार्यक्रमात शामला दोन तास गायली आणि शेवटच्या गाण्यापर्यंत माझी एकही तार उतरली नाही. कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ स्टेजमागे आले. पाहुणे म्हणून बोलावलेले दत्तोपंत. त्यांनी माझ्या अंगावरून बोटं फिरवली. "वा! इंपोर्टेड दिसते. कुठून आणलीस?"

ज्या वाद्यावर दहा वर्षं मालकी गाजवली, ते या माणसाला ओळखता आलं नाही. रंगच ओळखीचा होता ना त्यांना, तो तर उतरला होता.

"तुमचीच आहे, दत्तोपंत," रुपराव म्हणाला. "हे पाहा. इथं मोडली होती. आतून लांबी निघाली."

दत्तोपंतांनी चिरेकडे पाहिलं. त्यांचं बोट तिथून चटकन उचललं गेलं. मग ते म्हणाले, "इथे थोडा काळा रंग मारून घे. दिसणार नाही."

"दिसू द्या," रुपराव म्हणाला आणि मला खांद्याला लावून अनुसया उभी होती तिकडे निघाला.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं वाद्य असेल, जुनी खुर्ची असेल, तर रंगाचा डबा उघडण्याआधी ती वस्तू हाताने दाबून पाहा. कुठे हलते, कुठे करकरते ते बघा आणि आधी ते नीट करा. तुमच्या हातून मोडली असेल, तर तसं सांगा. आणि एवढंही जमणार नसेल, तर कृपा करून आम्हांला हात लावू नका.