कुंपणाचा टोप

चाळीस वर्षं सलून चालवलेल्या माणसाला निवृत्ती मानवत नाही, हात शिवशिवतात. लेकीच्या घरी राहायला आल्यापासून तात्या समोर येईल त्याची आधी मान बघत, मग चेहरा. शेवटी लेकीनं त्यांच्या हाती मोठी कात्री दिली आणि बागेचं कुंपण दाखवलं. पुरुषभर उंच झुडपांची रांग, वर्षभर कुणी हात न लावलेली. तात्या खूश झाले. गिऱ्हाईक दांडगं होतं, पण निदान मान हलवत नव्हतं.

दुपारपर्यंत त्यांनी अर्धं कुंपण असं सपाट केलं, की वर पाण्याचा पेला ठेवला असता तरी कलला नसता. मग एका गचपणात कात्री घातली, फांद्यांचा झुबका खाली पडला आणि आतलं वाटीएवढं घरटं उघडं पडलं. त्यात तीन गुलाबी, ठिपकेदार अंडी. वर तारेवर बसून घरट्याची मालकीण, एक बुलबुल, जिवाच्या आकांतानं ओरडत होती.

तात्यांनी कात्री खाली टाकली. आयुष्यात कुणाच्या कानाला ओरखडा काढला नव्हता आणि आज एका आईचं छप्पर उडवलं. कलकलाट ऐकून शेजारच्या नर्सबाई धावत आल्या. पक्ष्यांच्या बाबतीत गल्लीत त्यांचाच शब्द शेवटचा. त्यांनी तात्यांची बिनपाण्यानं हजामत केली. कुंपण कापायचं ते पक्षी घरटी बांधायला लागण्याआधी, नाहीतर पिल्लं उडून गेल्यावर. आणि तेव्हाही आधी अर्धा तास खुर्ची टाकून बसायचं, चोचीत काही घेऊन कोण आत शिरतंय का ते बघायचं.

"चुकलं माझं," तात्या म्हणाले. "आता काय करू ते सांगा."

"सावली गेलीय हो. या उन्हात आई लवकर परतली नाही, तर अंडी हातची जातील."

तरुणपणी तात्यांनी नाटकवाल्यांसाठी केसांचे टोप बनवले होते. त्यांनी कापलेल्या फांद्या उचलल्या, शिवणाच्या दोऱ्यानं गाठी मारल्या आणि घरट्याला बोटही न लावता दहा मिनिटांत कुंपणाला टोप चढवला. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत जाऊन बसले. लेकीनं दोनदा जेवायला बोलावलं. ती घरट्यावर आल्याशिवाय घास उतरणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. पस्तीस मिनिटांनी बुलबुल आली. तिनं टोप डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला आणि गुपचूप आत शिरली. तात्यांना चक्क रडू आलं. मग ते दोन पोळ्या जास्त जेवले.

कुंपण अर्धवटच राहिलं. जाणारे-येणारे विचारत, गिऱ्हाईक मधेच उठून गेलं का? एरवी तात्या शरमेनं मेले असते, आता ते प्रत्येकाला हळू बोला म्हणत. टोप वाळून तपकिरी झाला, तरी सावली देत राहिला. हात मात्र शिवशिवायचे थांबेनात. म्हणून दर रविवारी बागेच्या दुसऱ्या टोकाला ते स्टूल मांडू लागले. आधी जावईबापू बसले, मग नर्सबाईंचे यजमान, मग पोस्टमनही.

चौथ्या आठवड्यात पिल्लं उडाली. घरटं रिकामं झालं आणि तात्यांचं तोंड उतरलं. जिथं आपलं छप्पर उडालं, तिथं पुन्हा कोण कशाला येईल, असं ते लेकीला म्हणाले. राहिलेलं कुंपण कापायचं म्हणून कात्री मांडीवर घेऊन ते आधी अर्धा तास खुर्चीत बसले. लेकही शेजारी बसली.

अर्धा तास संपत आला तेव्हा बुलबुल हिरवळीवर उतरली. स्टुलापाशी टुणटुण फिरली, चोचीत काहीतरी उचललं आणि कुंपणात, त्या टोपाच्या हातभर पलीकडे, घुसली. थोड्या वेळानं पुन्हा आली.

"केस नेतेय," लेक कुजबुजली. "दुसरं घरटं बांधतेय, तात्या. इथंच."

"जावईबापूंचे आहेत," तात्यांनी लगेच ओळखलं. "इतका मऊ केस या गल्लीत दुसऱ्या कुणाचा नाही."

लेकीनं त्यांच्या मांडीवरची कात्री अलगद काढून घेतली आणि घराकडे तोंड करून नवऱ्याला बोलावलं, जरा बाहेर या म्हणाली. तीनच दिवसांपूर्वी कापलेलं डोकं घेऊन जावईबापू निमूटपणे स्टुलावर येऊन बसले.