खेचराची बोळवण

संघपालला साप चावला आणि सगळ्या तुकडीचे चेहरे उजळले. हे वाचायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं. त्या सकाळी नव्या यंत्राची चाचणी होती, चाचणीत एक जवान खोटा जखमी व्हायचा होता, आणि यादीत नाव संघपालचंच होतं. बूट घालताना आतल्या मण्यारीनं त्याच्या अंगठ्याचा चावा घेतला आणि शिस्तीत झुडपात निघून गेली. आता जखमी खरा होता.

"घाबरू नका," पुण्याहून आलेला इंजिनियर आदेश म्हणाला. "याच प्रसंगासाठी तर मशीन बनवलंय."

मण्यारीचा चावा दुखत नाही. तासा-दीड तासात पापण्या जड होतात, मग जीभ, मग श्वास. संघपालला हे पाठ होतं, कारण गावोगावच्या मेळाव्यांत सर्पदंशावर पोलिसांतर्फे भाषण तोच ठोकायचा. नागभीडकडचा, एम.ए. झालेला, आणि मंत्रतंत्र, अंगात येणं वगैरेंचा घरातूनच कडवा विरोधक.

यंत्र म्हणजे सहा चाकांचा गुडघाभर उंचीचा सपाट गाडा. माणूस नाही, स्टिअरिंग नाही. मागून कोणीतरी हातातल्या डब्यावरच्या दोन दांड्या हलवायच्या आणि गाड्यानं शिधा, दारूगोळा किंवा जखमी वाहून न्यायचा. जवान त्याला खेचर म्हणत. खेचर आलं त्या दिवशी साहेबांनी रीतसर पूजा केली होती. पुढून कुंकवाचं स्वस्तिक, कॅमेऱ्याला लाल कापड, चाकांखाली लिंबं, कडेला झेंडूचा हार आणि बुडाशी लिंबू-मिरची. जगात कुठंही बनलेलं यंत्र असो, आपल्याकडे ते लिंबाशिवाय चालू होत नाही.

जवानांनी संघपालला खेचरावर आडवा केला, पडू नये म्हणून हातांसकट पाच पट्ट्यांनी करकचून आवळला, आणि ऊन लागू नये म्हणून तोंडावरून चादर ओढली. तीन किलोमीटरवर डांबरी सडक, सडकेवर ॲम्ब्युलन्स बोलावलेली, तिथून कुरखेड्याचा दवाखाना. मध्ये फक्त हेटीटोला नावाचं गाव.

आता तुकडीचा एक जुना नियम असा, की मळलेल्या वाटेनं चालायचं नाही. वाटेत नक्षल्यांनी काय पुरून ठेवलंय, कोण सांगणार? जंगल हल्ली निवलंय, पण नियम निवत नाहीत. जवान चालणार झाडाझुडपांतून. खेचराला मात्र वाटच लागते, बांबूच्या बेटात ते अडकतं. म्हणून खेचर आणि संघपाल वाटेनं, आणि त्यांना वाचवणारे सगळे रानातून, असा ताफा निघाला.

अर्धा रस्ता छान गेला. मग मध्ये टेकडी आली आणि डब्याचा खेचराशी संपर्क तुटला. संपर्क तुटला की चाकं मोकळी सुटावीत, म्हणजे गाडा दोरीनं ओढता येईल, ही आदेशनं केलेली खास सोय. खेचर उतारावरून आपसूक घरंगळत गेलं आणि हेटीटोल्याच्या शिवेच्या दगडापाशी जाऊन उभं राहिलं. तुकडी तेव्हा पल्याडच्या नाल्यात करवंदीच्या जाळीतून कपडे सोडवत होती.

शिवेवर दहा-बारा जण मोहफुलं वेचत होते. माणसाशिवाय आलेला गाडा, लाल कापड, कुंकू, लिंबू, हार. टोपल्या जागच्या जागी राहिल्या.

या भागात गावात रोगराई शिरली की लोक माताची, म्हणजे रोगाच्या देवीची, छोटी गाडी करतात, नटवतात आणि गावाबाहेर काढून पुढच्या गावाच्या शिवेवर सोडतात. ते गाव ती त्याच्या पुढच्या शिवेवर नेतं. गाडीला हात लावायचा नाही, बांबूनं ढकलायची. गावात शिरू द्यायची नाही, शिवेशिवेनं न्यायची. आणि गाडीतून कसलाही आवाज आला तरी उत्तर द्यायचं नाही. उत्तर देणाऱ्याच्या घरी माता मुक्कामाला येते.

"कोन्या गावानं धाडली बे?" देवाजी ओरडला. तो टोल्याचा, म्हणजे त्या वस्तीचा, म्होरक्या. "धड सांगून तरी धाडाची!"

"देवाजीभाऊ, चाकं पाहा. सहा हायेत," लटारू म्हणाला. "मोठाच रोग असन."

गुणाबाई नावाची म्हातारी पुढं आली. तिनं काठीच्या टोकानं चादर उचलली, क्षणभर पाहिलं आणि चादर सोडून दिली.

"आत मानूस हाय," ती म्हणाली.

सगळे चार पावलं मागं सरले.

"पेशंटसकट धाडली?" देवाजीचा आवाज चिरकला. "अरे, माता धाडनं समजलं. आजारी मानूस काऊन धाडते कोनी? काही रीतभात हाय का नाई?"

"मी पोलिस आहो," चादरीखालून संघपाल म्हणाला. "मले सरप चावला. मण्यार. सडकेवर न्या."

कोणीही उत्तर दिलं नाही.

"बोलून राह्यली," लटारू कुजबुजला.

"आयकू नका. बांबू आना."

बांबू आले. खेचर हललं, आणि चादरीच्या फटीतून येणारं ऊन उजवीकडचं डावीकडे गेलं. गाव टाळून ते त्याला शिवेशिवेनं पुढच्या टोल्याला नेत होते. म्हणजे आणखी आत, जंगलात. तिथून त्याच्या पुढचा टोला, मग त्याच्या पुढचा. आपण संध्याकाळपर्यंत छत्तीसगडात पोचू, आणि तोवर आपलं प्रेत झालेलं असेल, हे त्याला स्वच्छ दिसलं. बाकीचं दिसणं बंद होत चाललं होतं. पापण्या खाली आल्या होत्या.

त्यानं भाषणच सुरू केलं. सर्पदंश हा आजार नाही, अपघात आहे. रोग जंतूंनी होतात. इंजेक्शन मोफत मिळतं. हेच भाषण त्यानं गेल्या महिन्यात याच गावात पाऊण तास दिलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. आज टाळ्या नव्हत्या. जीभ लडबडत होती, शब्द एकमेकांत कालवले जात होते, आणि जितके ते कालवले जात तितके ढकलणारे अधिक भक्तिभावानं ढकलत होते.

"थांबा रे," गुणाबाईचा आवाज आला. "अशी कशी नेता? तिले विचारा तं, कुठी जाची हाय."

"उत्तर द्याचं नाई ना, बाई!"

"उत्तर नको देऊ. विचाराले कोनी मना केलं? मी विचारतो." आणि ती चादरीच्या अगदी जवळ आली. "बाई माय, कुठी जातं तू? नीट सांग. एकदाच सांग."

संघपाल थिजला. आयुष्यभर त्यानं ज्याची चेष्टा केली होती, ते आता त्याला स्वतः करायचं होतं. विचार करायला वेळ असता तर त्यानं तत्त्वाचा प्रश्न केलाही असता. पण छाती जड होत होती.

"दवा… खान्यात," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

बांबू खाली टेकले.

"माता दवाखान्यात कायले जाईन?" लटारू म्हणाला.

"तिचे लेकरं तिथीच राह्यते ना सारे," गुणाबाई म्हणाली. "खोकला, हगवन, हिवताप. भेटाले जात असन."

हे सगळ्यांना पटलं. संघपालनं उरलीसुरली हवा गोळा केली. "सडकेनं… गावाच्या मधातून. नाई तं… इथंच बसतो."

यानंतर जे झालं त्याची गती आदेशच्या माहितीपुस्तकात नाही. देवाजीनं टोल्याकडं तोंड करून आरोळी दिली, दारं धडाधड लागली, डफ वाजला, आणि बारा बांबू एकदम खेचराच्या बुडाला टेकले. गावाच्या मधून ते असं धावलं, की कोंबड्या उडाल्या, हार तुटला, एक लिंबू संघपालच्या नाकावर आपटलं. जी माता गावात पाऊलभर शिरू द्यायची नव्हती, तिला गावाबाहेर काढण्यासाठी हेटीटोला जिवाच्या करारानं पळत होतं.

सडकेवर ॲम्ब्युलन्स उभी होती. ड्रायव्हरनं दार उघडलं आणि समोर डफ, बांबू, चादर असं बघून तो जागीच खिळला. बांबूवाले लांब उभे राहिले. हात कोणी लावेना.

हात लावला गुणाबाईनं. पट्टे सोडता सोडता ती संघपालच्या कानाशी वाकली.

"तू तोच ना रे, सरपावर भाषन देनारा? चादर उचलली तवाच वळखलं मी तुले."

संघपालचे डोळे मिटलेले होते. आतल्या आत ते विस्फारले.

"देवाजीनंबी वळखलं असन. आवाज तं साऱ्यायनंच आयकला होता. पन पोलिसाले हात लावला, आन् तू मधातच मेला, तं? कोनी मारला, कुठी नेत होते, कोन्या पार्टीचे तुमी? चार वरसं ठान्यात जबाब देत बसा. मागं जंगलातल्या एकाले पानी पाजलं, तं गावचा वारलू दोन वरसं तारखेवर गेला." तिनं शेवटचा पट्टा ओढला. "माताचा जबाब कोनी घेत नाई, बाबा."

त्याला ओरडायचं होतं. म्हणजे शिवेवरच तुम्हाला कळलं होतं? कळूनही जंगलाकडं वळवलं? हो म्हणावं इतकीही जीभ उरली नव्हती. तिनं आणि ड्रायव्हरनं त्याला आत सरकवलं.

चार दिवस यंत्रावर श्वास घेऊन संघपाल वाचला. सहाव्या दिवशी साहेब आले, सोबत आदेश आणि जबाब लिहून घेणारा रायटर. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरकडून ऐकून साहेब भारावले होते. गावकऱ्यांचा सत्कार करायचा होता, त्यासाठी यादी हवी होती: ढकलणाऱ्यांची नावं, वडिलांची नावं, मोबाईल नंबर, आणि प्रत्येकाचा छोटासा जबाब.

"कोण कोण होतं, सांग."

संघपालनं छताकडं पाहिलं. रायटरनं पेन उघडलं होतं.

"सर, संपर्क तुटल्यावर मशीन आपोआप सडकेवर आलं," तो म्हणाला. "उत्तम मशीन आहे."

साहेबांमागं उभ्या असलेल्या आदेशचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.