भिंतीवरचा लाडू

हंसाबाईने पदराखालची वाटी भिंतीवर ठेवली, उगीचच खाकरली आणि पाठ फिरवून आत गेली. पलीकडून बांगड्यांचा एक हात वर आला. त्याने वाटीतला लाडू उचलला आणि वाटी पालथी घालून ठेवली. ना बोलणं, ना बघणं. गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली बेबीताई मनात म्हणाली, झालं! डॉक्टरसाहेबांचा अभ्यास भिंत चढून गेला.

बेबीताई गावची आशा सेविका. नेरच्या अलीकडच्या त्या गावात कोणाकडून कोणाकडे ताकाची लोटी जाते आणि कोणाची रिकामीच परत येते, हा सगळा जमाखर्च तिच्या डोक्यात. हंसाबाई आणि दिपाली या सख्ख्या जावा, दोघींच्या अंगणांमध्ये ही भिंत. वाटण्या झाल्या तेव्हा पाटा थोरलीने ठेवून घेतला, तर वरवंटा धाकटीने उचलला. एकीचा पाटा कोरडा, दुसरीचा वरवंटा बेकार. दोघी मिक्सरची चटणी खाऊ लागल्या आणि अबोला मात्र ताजा ठेवला.

सलील डॉक्टर यवतमाळहून यायचा. एम.डी.चा प्रबंध होता त्याचा, बायकांच्या अंगातल्या रक्ताचा. मागच्या वर्षी तो नुसता विचारत फिरला. रक्त कमी असलेल्या बायका एकीकडे, चांगलं असलेल्या दुसरीकडे, आणि सगळ्यांना प्रश्न एकच: आजवर काय काय खात होतात? चांगल्या रक्तवाल्या बहुतेक गूळ-अळीव खाणाऱ्या निघाल्या. बेबीताईला वाटलं, लागला निकाल.

"नाही ना ताई," सलील म्हणाला होता. "ज्या घरी अळीव, त्या घरी दूध आणि डाळही जास्त. मग रक्त कशानं वाढलं म्हणायचं? मागे वळून विचारलं की दोन गोष्टी सोबत दिसतात, एवढंच कळतं. कशामुळे काय झालं हे बघायचं, तर आपण स्वतः द्यायला हवं. काहींना द्यायचं, काहींना नाही. आणि कोणाला, ते चिठ्ठी ठरवेल. तुम्ही-मी नाही."

"म्हणजे मागच्या साली चौकशी अन् औंदा ढवळाढवळ."

"प्रबंधात असंच लिहू का?" तो हसत म्हणाला होता.

रक्त कमी असलेल्या सगळ्यांना लोहाच्या गोळ्या मिळाल्या. अळिवाचा लाडू मात्र चिठ्ठी लागेल तिलाच. हंसाबाईला लाडू लागला. जिना चढताना दम लागणाऱ्या दिपालीची चिठ्ठी कोरी निघाली.

आणि आता लाडू भिंतीवरून जाताना पाहून बेबीताईची पंचाईत झाली. सांगावं, तर सलील दोघींना समज देणार, वाटी बंद होणार, आणि भिंत पुन्हा नुसती भिंत होणार. न सांगावं, तर त्या पोराची मेहनत खोटी. हिवाळाभर ती त्या गल्लीतून जाताना डोक्यावरचा पदर पुढे ओढून मान खाली घालू लागली. जसं काही डोळ्यांनी पाहिलं नाही, म्हणजे घडलंच नाही.

तूर घरात आली आणि अंगणवाडीत शेवटची रक्ततपासणी झाली. सलीलने दिपालीचा आकडा पाहिला, मग हंसाबाईचा पाहिला आणि चष्मा काढून पुसला.

"ताई, कोरी चिठ्ठी असलेलीचं रक्त वाढलं. लाडूवालीचं होतं तिथंच आहे. लाडू भलत्याच घरी तर नाही दिले?"

"दिले बरोबर घरी," बेबीताई म्हणाली. "पर ते घरी राह्यले नाई. मले मालूम होतं, सर. म्या सांगतलं नाई."

मग तिने वाटीचं सगळं सांगितलं. सलील यादीतल्या दोघींच्या नावांवरून पेन फिरवत राहिला. बेबीताईलाच ते सहन होईना.

"तुमी असं करा. हिचं नाव तिकडं टाका अन् तिचं इकडं. जिनं खाल्ला तिच्याच नावावर लाडू."

"नाही. चिठ्ठीनं जिथं टाकलं, तिथंच नाव राहणार. नाहीतर आपल्याच मनानं वाटण्या केल्यासारखं होईल." मग त्याने हळूच विचारलं, "अजून कोणाकडे असं झालंय?"

"लाडू झाकून ठेवून एकटीनं खाणारी बाई या गावात कुठून आणू, सर? कोणाचा बहिणीकडं गेला, कोणाचा विहीणबाईकडं."

सलीलने कपाळाला हात लावला आणि एकदम हसत सुटला.

"चूक माझीच. चिठ्ठी घराघरावर टाकली. टाकायला हवी होती गावागावावर. एक गाव लाडूचं, एक बिनलाडूचं."

"मंग आता?"

"आता झालं तसंच लिहायचं. माझ्या गाईड मॅडम फाडून खातील, खाऊ देत." तो आवरू लागला. "पण लाडू आजपासून बंद हं."

बेबीताईला त्याची दया आली, पण खरी काळजी दुसरीच होती. आता वाटीत काय राहणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुद्दाम त्या गल्लीतून गेली. पदर पुढे ओढला नाही. हंसाबाई अंगणात नुसतीच उभी होती, हात मोकळे. वाटी भिंतीवर नव्हती. बेबीताई चार पावलं पुढे गेली आणि मागे काहीतरी दगडासारखं घासल्याचा आवाज आला. दिपालीचे दोन्ही हात भिंतीवर दिसत होते आणि त्या हातांत वरवंटा होता.

"अवं, भिंतीवर कायले ठेवतं?" वर्षभरानंतर हंसाबाईचा आवाज त्या बाजूला गेला, तोही रागेजूनच. "जड हाय तो. पायावर पडंन कोनाच्या. दारानं आन."