हातोहात

"क्लच असा सोडायचा, अगं, झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढतेस ना, तसा. बाळाला कळलं की संपलं!"

हे त्यानं तिला सांगितलं तेव्हा दोघांचं लग्न नवं होतं. तो कारखान्यात लेथवर टर्नर, ती बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. तिला पटकन समजेल असं उदाहरण त्यानं शोधून काढलं होतं. आज त्याच मैदानात, त्याच मोटरसायकलवर ती पुन्हा बसली होती. सकाळ अजून नीट उजाडली नव्हती. तो आवाज कानाशी आला, तिनं हात काढला आणि बाळ खाडकन जागं झालं. गाडीनं गचका दिला, दोन पावलं उडी मारली आणि बंद पडली.

ती काही बोलली नाही. उठल्यापासून प्रार्थना होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, असा तिचा नेम होता. वॉर्डातला दिवस आरड्याओरड्यात जायचा, म्हणून पहाटेचा तुकडा तिनं देवासाठी शांत ठेवला होता. नोकरी संपली, नेम राहिला. आणि या दिवसांत तो नेम भारी उपयोगाचा ठरत होता. ती किल्ली घेऊन बाहेर पडताना नवऱ्यानं काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नव्हतं. गाडी ती कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायची, आवाज घरात जाऊ नये म्हणून. खोटं मात्र काही नव्हतं. मैदानाच्या कडेच्या झाडाखाली, मांडीवर हेल्मेट घेऊन, ती रोज मन लावून प्रार्थना करायची. देवाला हेल्मेटचं वावडं नसावं, अशी तिची समजूत होती.

हा सगळा खटाटोप एका लोखंडी तुकड्यासाठी होता.

निवृत्तीनंतर नवऱ्याचा मुक्काम मोबाइलमध्येच पडला होता. जुन्या मोटरसायकलींच्या वेड्यांची एक वेबसाइट होती. तो तिला 'अड्डा' म्हणायचा. तिथं कुणी जुन्या गाड्यांची चित्रं चढवली होती, एकेक नट-बोल्ट सुटा करून दाखवलेला. टाकीला ओरखडा न उमटवता ती कशी उतरवायची, साखळी कशी धुवायची, याचे व्हिडिओ होते. प्रवासाची वर्णनं होती. 'धूर' नावाचा एक कोपरा फक्त थापांसाठी होता. तिथं खरं बोलणाऱ्याला दंड म्हणून एक विनोद सांगावा लागायचा. आणि रविवारी खेळ असायचा, 'ओळखा पाहू'. कुणीतरी गाडीचा आवाज टाकायचा, बाकीच्यांनी कान लावून बिघाड ओळखायचा. संध्याकाळपर्यंत आवाज टाकणाऱ्यानं खरं उत्तर लिहायचं, हा कडक नियम. अड्ड्यावर प्रत्येकाला टोपणनाव होतं. नवऱ्याचं नाव 'घरघर'. ते गाडीवरून पडलं की झोपेतल्या घोरण्यावरून, हे फक्त तिला माहीत होतं.

पण त्याचा जीव अडकला होता तो 'हातोहात'मध्ये. ज्या हत्यारांचं उत्पादनच आता होत नाही, ती एकमेकांना वापरायला द्यायची, ही तिथली पद्धत. मात्र हत्यार टपालानं जात नसे, कुरिअरनंही नाही. ज्याच्याकडे असेल त्यानं स्वतः मोटरसायकलवर नेऊन पुढच्याच्या हातात द्यायचं, आणि देणारा-घेणारा दोघांच्या हातांचा फोटो अड्ड्यावर टाकायचा. चेहरे दाखवायचे नाहीत. तिनं ते फोटो पाहिले होते. काळे, सुरकुतलेले, गोरे, एक मेंदी लावलेला, असे कितीतरी हात.

नवऱ्यानं स्वतः लेथवर बनवलेला एक पुलर या पद्धतीनं गावोगाव फिरून आला होता. इंजिनाच्या दांड्यावर मॅग्नेट घट्ट बसलेलं असतं. हातोडीनं काढायला जावं तर दांडा वाकतो. पुलर ते अलगद ओढून घेतो. ती त्याला 'तुमचा चिमटा' म्हणायची. अडलेलं बाळ बाहेर काढणारे डॉक्टर तिनं पाहिले होते. त्यामुळे या हत्याराबद्दल तिला मनातून आदर होता.

पुलर घरी होता तेव्हा अड्ड्यावरच्या 'धाकटी' नावाच्या बाईनं लिहिलं: वडील गेले, त्यांची गाडी अंगणात बंद उभी आहे, मॅग्नेट काही केल्या निघत नाही. नवऱ्यानं छाती पुढे काढून उत्तर दिलं, "मी घेऊन येतो. शब्द दिला."

शब्द दिला, आणि हात गेले.

एकदम नाही. आधी चहा बशीत सांडायला लागला. ती कप अर्धाच भरायला लागली. त्याबद्दल दोघंही बोलले नाहीत. मग शर्टाची बटणं. मग एक दिवस वळणावर गाडी त्याच्या हातातून अशी डगमगली, की घरी येऊन त्यानं किल्ली खुंटीला अडकवली ती पुन्हा काढली नाही. डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, जिवाला धोका नाही. नवरा दवाखान्याबाहेर येऊन म्हणाला, "जिवाचं कोण विचारतंय यांना?"

मुलीनं फोनवर सोपा उपाय सांगितला होता. "बाबा, कुरिअरनं पाठवून द्या ना. परवा तिच्या दारात!"

"कुरिअरनं तुला पाठवली होती का सासरी?" नवऱ्यानं विचारलं आणि फोन बायकोकडे दिला.

तेव्हा तिनं ठरवलं. लायसन्स तिच्याकडे होतं. दर मुदतीला ती ते इमानानं नवं करून आणायची, जशी कपाटातली भारी साडी वर्षातून एकदा उन्हात घालावी. अड्ड्यावर 'पुन्हा सुरुवात' नावाचे व्हिडिओ सापडले. एक लठ्ठ, हसऱ्या बाई बऱ्याच वर्षांनी गाडी हाती घेणाऱ्यांना धीर देत होत्या. ती भाजी चिरताना फोन डब्याला टेकवून, कानात इअरफोन घालून बघायची. नवऱ्याला वाटायचं, प्रवचन चाललंय.

"काय सांगितलं आज महाराजांनी?" तो विचारायचा.

"नजर लांब ठेवा. जिथं बघाल तिथंच जाल."

"वा! पोचलेला माणूस दिसतोय."

मैदानावर दिवस जात होते. गचके कमी झाले. एक दिवस तर क्लचचा दांडा तिच्या आखूड बोटांच्या जवळ आल्यासारखा वाटला, आणि किकही हलकी लागली. सवय झाली, दुसरं काय, असं तिनं मनाशी म्हटलं आणि झाडाखाली बसून देवाचे आभार मानले. आता फक्त नवऱ्याला सांगायचं उरलं होतं. तेच अवघड होतं. ज्या गाडीवर तो आयुष्यभर पुढे बसला, तिच्यावर मागे बस, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्याआधीच रविवार आला.

दुपारी नवरा अंगणात गेला. गाडी सुरू केली, एका हातात मोबाइल धरला, दुसऱ्या हातानं रेस दिली. इंजिन चढत होतं, पडत होतं, पुन्हा चढत होतं. ती खिडकीतून बघत होती. त्यानं आवाज टिपला, आत आला आणि खुर्चीत बसून घाम पुसला.

"टाकला 'ओळखा पाहू'ला," तो म्हणाला.

"काय बिघडलंय गाडीत?"

"ते लोक सांगतील ना. शोधू देत." तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "गाडीच नादुरुस्त म्हटल्यावर माणूस जाणार कसा? धाकटीलाही समजेल."

मग तिच्या लक्षात आलं. गाडीत काही नव्हतं. तो गाडीला आजारी पाडत होता.

उत्तरं यायला लागली. ती वाचून दाखवत होती. त्याच्या बोटांखाली अक्षरं स्थिर राहत नसत. एकानं लिहिलं, कार्ब्युरेटर कुठूनतरी हवा खातोय. दुसऱ्यानं लिहिलं, पेट्रोलमध्ये पाणी आहे, टाकी रिकामी करा. तिसऱ्यानं केबल बदलायला सांगितली आणि वर, 'घरघरभाऊ, एवढं साधं तुम्हाला कळलं नाही, म्हणजे हा धूर दिसतोय' अशी टोपीही उडवली. लोक मनापासून औषध सुचवत होते. नवरा प्रत्येक उत्तराला "हं" म्हणत होता. ते 'हं' हळूहळू बारीक होत गेलं.

ऊन उतरता उतरता धाकटीचं उत्तर आलं. ते वाचताना तिला मध्ये थांबावं लागलं.

'माझं उत्तर: गाडीत काही बिघाड नाही. बाबांची गाडी शेवटी शेवटी अशीच वाजायची. पुलर येईल तेव्हा येवो, गाडी एवढी थांबली, आणखी थांबेल. फक्त हातांचा फोटो बाकी ठेवायचा नाही. फोटोत कुणाचाच हात हलत नाही.'

बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं, त्याचा खराट्याचा आवाज तेवढा येत होता.

"संध्याकाळ झाली," शेवटी ती म्हणाली. "खरं उत्तर लिहावं लागेल."

"कार्ब्युरेटर लिही."

तिनं मोबाइल खाली ठेवला. "ते मी नाही लिहिणार."

"का?"

"तुमचं नाव आहे त्याखाली."

तो उठला. खिडकीपाशी गेला. पाठ करून बराच वेळ गाडीकडे बघत राहिला. त्याचे हात पाठीमागे एकमेकांत गुंतलेले होते, तरी हलत होते.

"लिही," तो म्हणाला. "धाकटीचं उत्तर बरोबर."

तिनं लिहिलं.

"लिहिलंस?"

"हो."

"पुढे लिही, उद्या निघतोय. दुपारच्या जेवणाला पोचतो. गाडी घरची चालवणार."

तिचं बोट अधांतरी राहिलं. "घरची?"

"मग काय, दारची?" तो वळला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर ती जुनी खोडकर रेघ. "तुला काय वाटलं, कोपऱ्यापर्यंत ढकलत नेलीस की मला ऐकू येत नाही? माझे हात गेलेत, कान नाही. रोज ऐकतोय पडल्यापडल्या. दुसऱ्या गिअरला फार घाई करतेस तू."

"अगंबाई!"

"आणि तुझे ते महाराज. नजर लांब ठेवा! त्या बाईंचा व्हिडिओ अड्ड्यावर सगळ्यात आधी मी चढवलाय."

तिला हसू की रडू कळेना. मग एकदम आठवलं. "क्लचचा दांडा…"

"दोन बोल्ट तर ढिले करायचे होते. दुपारभर लागलो. तू झोपली होतीस." तो खुर्चीत बसला. "सांगणार होतो. पण मागे बसायचं म्हणजे… जरा जड जात होतं."

"जन्मभर मी बसलेच ना मागे? काय झालं मला?"

"तू बसायचीस तेव्हा सारख्या सूचना करायचीस. हळू घ्या, ट्रक आला, हॉर्न वाजवा."

"मग आता फेडा."

"सोडतो की काय!" तो म्हणाला, आणि अर्धा कप चहा मागितला.

सकाळी ती नेहमीच्या वेळी उठली. नेमाप्रमाणे एक शब्द बोलली नाही. पुलर तिनं तेल लावून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. आज गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलायची गरज नव्हती. अंगणातच झाडू मारलेल्या जमिनीवर ती उभी होती, पुसलेली. नवरा कधी उठून पुसून आला होता कोण जाणे; टाकीवर फडक्याचे वेडेवाकडे फराटे दिसत होते.

तो बूट घालून, हेल्मेट डोक्यावर चढवून बाहेर आला. हनुवटीखालचा पट्टा लावायला बोटं धडपडली, क्लिप निसटली, पुन्हा निसटली. ती जवळ गेली. दुसरीकडेच बघत, वॉर्डात नवख्या आईला पदर सावरून द्यावा तशी, तिनं ती क्लिप लावली. 'कट्' असा आवाज झाला.

"हवा बघितलीस का? पेट्रोल? आरसा तुझ्या उंचीला कर," तो सांगत होता. "पहिल्या फाट्याला डावीकडे. तिथं खड्डा आहे मोठा. आणि दुसऱ्या गिअरला…"

ती बसली. तो मागे बसला. बसताना एकदा अडखळला, आणि मग हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. आयुष्यात पहिल्यांदाच तो हा प्रश्न सोडवत होता. तिनं मागे हात नेऊन त्याचा उजवा हात घेतला आणि आपल्या खांद्यावर ठेवला. तो हात थरथरत होता. पक्ष्यासारखा, धरून ठेवला तरी. झाडाखालची प्रार्थना तिनं आज इथंच, मनातल्या मनात म्हणून टाकली.

किक मारली. इंजिन एका दमात लागलं. सगळी गाडी धडधडू लागली. सीट, आरसा, तिचे गुडघे, तिचा खांदा. मागून येणाऱ्या सूचना थांबल्या. खांद्यावरची थरथर आता हाताची की गाडीची, सांगता आलं नसतं.

तिनं नजर लांब, फाटकापलीकडच्या रस्त्यावर ठेवली, आणि झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढावा तसा क्लच सोडला.