न उघडलेली तक्रारपेटी

माझं तोंड फटकळ आहे हे मला माहीत आहे, ते सांगायला कोणी येऊ नये. पण त्या बुधवारी माझ्या जागी एखादा साधू असता, तरी त्यानेही शिवी हासडली असती.

आमची इंटरनेटची छोटीशी कंपनी. कंपनी म्हणजे पुढच्या खोलीत एक टेबल, टेबलावर दोन फोन, भिंतीला वायरींची वेटोळी आणि मी. शिड्या चढणं, गच्चीवरच्या पेट्या उघडणं हे आमच्या ह्यांचं काम. फोन उचलणं आणि बोलणी खाणं माझं. अकरा वर्षांत एकही तक्रार मी उद्यावर ढकललेली नाही, असं मी भेटेल त्याला सांगत असे.

पहिली तक्रार घरातूनच आली. सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, हा टीव्ही बघ मला काय बोलतोय!"

सिनेमे-मालिका दाखवणारं त्यांचं ॲप काळं पडलं होतं. त्यावर पांढरी अक्षरं: तुम्ही प्रॉक्सी वापरत आहात असं दिसतं. ती बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे तुम्ही खऱ्या कुठे बसलाय ते लपवताय, असं म्हणणं आहे त्यांचं."

"मी लपलेय? चार वर्षं ह्याच खुर्चीत बसलेय मी!"

मला हसू आलं. तेवढ्यात पहिला फोन वाजला, मग दुसरा, आणि दुपारपर्यंत एक्केचाळीस झाले. बाकी सगळं नेट झकास चालत होतं, फक्त ते एक ॲप आमच्या गिऱ्हाइकांना दारात उभं करत नव्हतं. पण हे लोकांना सांगून बघा. नेट तुमचं म्हणजे चूक तुमची!

ह्यांनी संध्याकाळी शोधून काढलं. इंटरनेटवर प्रत्येक घराला एक आकडी पत्ता लागतो. ते पत्ते आता पुरत नाहीत, म्हणून आमच्यासारखे छोटे लोक एका पत्त्यामागे सत्तर-ऐंशी घरं बसवतात. त्या ॲपवाल्यांच्या यंत्राला दिसलं काय, तर एकाच दारातून ऐंशी कुटुंबं आत-बाहेर करतायत. यंत्राने ठरवून टाकलं की इथे घर नाही, लपण्याची जागा आहे.

"मग सांगा ना त्यांना!" मी म्हटलं.

"कोणाला सांगू? फोन नंबरच नाहीये त्यांचा."

गुरुवारी मेट्रनबाईंचा फोन आला. त्या मोठ्या इस्पितळातून रिटायर झालेल्या आणि आता चार विंगांच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरी. आमचं निम्मं गिऱ्हाईक त्या एका बिल्डिंगमध्ये. बोलतात अशा, की समोरचा आपोआप ताठ उभा राहतो.

"रविवारी अकराला सभा आहे. मोठ्या कंपनीचा माणूस बोलावलाय. तोवर हे सुरू झालं नाही तर चारही विंगा तिकडे जातील. मागून कळण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं."

मी आत गेले तर हे स्टुलावर उभे, माळ्यावरची निळी बॅग खाली काढत होते.

"हे काय?"

"काही नाही गं. जुन्या साहेबांना फोन केला होता. केबल टाकायच्या कामावर जागा आहे म्हणाले. चेन चालते का, तेवढं बघतोय."

लग्नानंतरची चार वर्षं हे त्या कामावर होते, आणि ती चार वर्षं मी नवऱ्याच्या आवाजाशी संसार केलाय. दोन महिन्यांनी दोन दिवस यायचे आणि पाहुण्यासारखे विचारायचे, टॉवेल कुठे आहे? ती बॅग माळ्यावर गेली त्या दिवशी आम्ही ही कंपनी काढली होती. चारही विंगा गेल्या तर बॅग दारात येणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. दोघंही चेन बघत बसलो.

शुक्रवारी सकाळी मी त्या ॲपच्या मदतीच्या खिडकीत टाइप करायला बसले. उत्तर लगेच आलं: कृपया आपल्या इंटरनेट कंपनीशी संपर्क साधा.

मी लिहिलं, मीच ती कंपनी.

उत्तर: आम्ही समजू शकतो. कृपया आपल्या इंटरनेट कंपनीशी संपर्क साधा.

असं चार वेळा. पाचव्यांदा माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी लिहिलं, "अहो, मी स्वतःशी आणखी किती संपर्क साधू? घरात बसलेल्या म्हातारीला लबाड ठरवताय, लाज वाटत नाही?"

मग पलीकडच्या कोणीतरी, बहुतेक खऱ्या माणसाने, एक लिंक पाठवली. इंटरनेट कंपन्यांसाठी वेगळा अर्ज होता म्हणे. इतके तास मी गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी होते! अर्जावर पहिलीच अट: इंटरनेटचे आकडी पत्ते घेताना नोंदीत आपण जो ईमेल दिला आहे, त्यावरूनच लिहा.

"अहो, नोंदीत आपला कुठला ईमेल आहे?"

हे खिडकीतून वायर आत घेत होते. "तक्रारीचा. तूच तर काढला होतास, पहिल्या वर्षी."

तक्रारीचा ईमेल! मी साफ विसरले होते. आमच्याकडे तक्रार फोनवर येते, ती पेटी उघडतंय कोण? पासवर्ड जुन्या वहीच्या पाठीमागे सापडला. उघडली तर आत दोन हजार तीनशे अकरा पत्रं, बहुतेक कचरा. मी वरून खाली येत होते आणि मध्येच हात थांबला.

त्या ॲपवाल्यांचं पत्र. एक नाही, तीन. पहिलं पाच आठवड्यांपूर्वीचं. "नमस्कार. तुमच्या पत्त्यांवरून फार खाती चालताना दिसतात. ही घरंच असतील असं वाटतं, पण खात्री करून हवी आहे. दोन ओळी लिहाल का?" दुसऱ्यात आठवण. तिसऱ्यात दिलगिरी: उत्तर न आल्यामुळे बुधवारपासून हे पत्ते बंद यादीत जातील.

तीन दिवस मी गल्लीभर सांगत फिरत होते की तिकडे माणूस म्हणून कोणी नाही, नुसती यंत्रं बसवलीत मेल्यांनी. आणि तिकडच्या माणसाने तीनदा दार वाजवलं होतं.

ह्यांना बोलावलं आणि स्क्रीनकडे बोट दाखवलं. वाटलं, आता आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस माझ्यावर ओरडणार, आणि ओरडावंच त्याने. ह्यांनी तिन्ही पत्रं वाचली आणि मटकन खुर्चीत बसले.

"अगं, म्हणजे माणूस आहे तिकडे!" आणि चक्क हसायला लागले. "विचारणारा आहे म्हणजे ऐकणारा पण असेल. लिही, लिही लवकर."

मी लिहिलं. ही सगळी घरं आहेत. कुठल्या पत्त्यामागे किती घरं, ते खाली देत आहे. यांत एक माझं आहे, आणि त्यात माझी सासू खुर्चीत बसलेली आहे. कोणीही लपलेलं नाही. पत्रं उघडली नाहीत ही माझी चूक.

शनिवारी सकाळी उत्तर आलं. पत्ते यादीतून काढले आहेत, त्रासाबद्दल माफ करा, सासूबाईंना नमस्कार सांगा. मी आत ओरडले, "आई, लावा तुमचं!" मग त्यांच्या मालिकेचं गाणं सुरू झालं, आणि माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथेच दाराला टेकून रडले. रडले तर रडले.

रविवारी सभेला निघताना हे म्हणाले, "सुरू झालंय ना, मग नसतं सांगू नकोस." मीही तसंच ठरवलं होतं. मोठ्या कंपनीचा माणूस गुळगुळीत फाइल घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. मेट्रनबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"सुरू झालं, चांगलं झालं. चूक कोणाची होती?"

ॲपवाल्यांची, असं म्हटलं असतं तर ते निम्मं खरंच होतं. पण त्यांनी ते ज्या नजरेने विचारलं ना!

"त्यांनी न भेटताच तुम्हाला लबाड ठरवलं, ही त्यांची," मी म्हटलं. "पण त्याआधी तीनदा पत्र लिहून विचारलं होतं. ती पेटी मी कधी उघडलीच नाही. ती माझी."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. सभागृहात कुजबुज झाली.

"वॉर्डात तीनदा बेल वाजली आणि नर्स आली नाही," मेट्रनबाई म्हणाल्या, "तर मी काय केलं असतं?"

"हाकललं असतं."

"छे! आधी बेल वाजते कुठे, ते बघितलं असतं. तुमची बेल रिकाम्या खोलीत वाजत होती. रोज सकाळी ती पेटी उघडायची. कबूल?"

"कबूल."

मग त्या फाइलवाल्याकडे वळल्या. "तुमच्याकडे असं झालं तर आमच्याशी कोण बोलेल?"

"मॅडम, आमचा हेल्पलाइन नंबर आहे. भाषा निवडायची, मग दोन दाबायचं, मग..."

पुढचं कोणी ऐकलं नाही, लोक हसत होते. आमच्या बाजूने हात वर झाले ते मी मोजले नाहीत, पण मेट्रनबाईंनी मोजले आणि फाइलवाल्याला पाणी विचारलं.

सोमवारी सकाळी टेबलाशी बसून मी सगळ्यात आधी तक्रारपेटी उघडली. एकच नवीन पत्र होतं, नवऱ्याचं.

"तक्रार: निळी बॅग दारात पायात येते. माळ्यावर चढवायची आहे. स्टूल धरायला कोणीतरी पाठवा."

तक्रार मी उद्यावर ढकलत नाही. उठले आणि स्टूल धरायला गेले.